डीएनए मार्कर आणि माणसाच्या जीनचं मॅपिंग

डीएनए मार्कर म्हणजे क्रोमोसोमवरची (पेशीतल्या डीएनएच्या लांब धाग्यावरची) अशी ठरलेली जागा, जिथे माणसामाणसांत फरक असतो आणि तो फरक लॅबमध्ये ओळखता येतो. बस एवढंच. बहुतेक मार्कर शरीरात काही काम करत नाहीत आणि आजार त्यांच्यामुळे होतो असंही नाही, त्यांचा उपयोग आहे तो शेजारामुळे, म्हणजे जवळच्या जीनचा माग त्यांच्यावरून लागतो म्हणून.

बीजांड किंवा शुक्राणू तयार होताना जोडीतले दोन क्रोमोसोम आपसात तुकडे बदलतात, त्यामुळे एकाच क्रोमोसोमवर लांब लांब असलेल्या दोन गोष्टींची ताटातूट होते, पण अगदी जवळच्या दोन गोष्टी सहसा एकत्रच पुढच्या पिढीत जातात. याला लिंकेज म्हणतात. ताटातूट किती वेळा झाली ते मोजलं की अंतर कळतं, आणि 100 पैकी 1 वेळा झाली तर ते अंतर साधारण 1 सेंटीमॉर्गन. माणसात हे सरासरी 10 लाख बेस (म्हणजे डीएनएची अक्षरं) इतकं भरतं, पण सरासरीच हां, बायकांमध्ये अशी अदलाबदल पुरुषांपेक्षा जास्त होते त्यामुळे दोघांचे नकाशे सारखे येत नाहीत.

आल्फ्रेड स्टर्टेव्हंटने फळमाशीचा असा नकाशा 1913 मध्येच काढला होता. माणसाचं घोडं अडलं कारण माणसांची पैदास प्रयोगासाठी करता येत नाही, मुलं मोजकी होतात, आणि मागोवा घ्यायला रक्तगट किंवा रंगांधळेपणासारख्या मोजक्याच खुणा हाताशी होत्या. 1937 मध्ये ज्युलिया बेल आणि हाल्डेन या शास्त्रज्ञांनी हिमोफिलिया (रक्त नीट न गोठण्याचा आजार) आणि रंगांधळेपणा यांचं लिंकेज दाखवलं, पण ते एक्स क्रोमोसोमवर होतं म्हणून तुलनेनं सोपं. खरी वाट 1980 मध्ये मोकळी झाली. बॉटस्टाइन, व्हाइट, स्कोलनिक आणि डेव्हिस यांनी मांडलं की खुणा बाहेर शोधत बसण्यापेक्षा डीएनएमधलाच फरक घ्या. रेस्ट्रिक्शन एन्झाइम डीएनए ठरावीक अक्षरांपाशी कापतं, तिथलं एक अक्षर जरी वेगळं असलं तर काप बसत नाही आणि तुकडा लांब येतो, हाच झाला मार्कर (आरएफएलपी). असे साधारण 150 मार्कर नीट विखुरलेले मिळाले तर अख्खा जीनोम (माणसाचा सगळा डीएनए) आवाक्यात येईल असा त्यांचा हिशेब होता.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी कारण गोंधळ इथेच होतो. समजा मार्करचे अ आणि ब असे दोन प्रकार आहेत. एका कुटुंबात आजार अ सोबत चालत आलेला असेल तर दुसऱ्या कुटुंबात तोच आजार ब सोबत असू शकतो, म्हणून 'अ सापडला म्हणजे आजार' असं म्हणताच येत नाही, त्या घरातल्या आजारी आणि निरोगी नातेवाइकांचे नमुने बघूनच ठरवावं लागतं. आणि ज्या पालकाकडून आजार येतोय त्याच्याकडे दोन्ही प्रती अ अ असतील तर काहीच कळत नाही. आरएफएलपीला जास्त करून दोनच प्रकार, म्हणून ही अडचण सारखी यायची. 1989 नंतर पीसीआरने (डीएनएच्या एका तुकड्याच्या भरपूर प्रती काढायच्या पद्धतीने) मोजता येणारे मायक्रोसॅटेलाइट आले (सी-ए सी-ए अशी छोटी अक्षरं पुन्हा पुन्हा येतात आणि किती वेळा ते माणसागणिक बदलतं), त्यांनी ती बरीच सुटली. 1996 च्या फ्रेंच जेनेथॉन नकाशात असे 5,264 मार्कर होते.

लिंकेज खरंच आहे की योगायोग, हे लॉड स्कोअर नावाच्या आकड्याने ठरवतात. 3 म्हणजे लिंकेजच्या बाजूने 1000 ला 1, आणि सहसा तेवढा आला की मान्य करतात.

सगळ्यात गाजलेलं उदाहरण हंटिंग्टन या मेंदूच्या आनुवंशिक आजाराचं. व्हेनेझुएलात माराकायबो सरोवराच्या काठी हा आजार असलेलं एक प्रचंड मोठं कुटुंब आहे, नॅन्सी वेक्सलर आणि सहकाऱ्यांनी त्यांची वंशावळ आणि रक्ताचे नमुने गोळा केले आणि 1983 मध्ये जेम्स गुसेला यांच्या टीमला क्रोमोसोम 4 वर लिंकेज सापडलं, तेही अगदी सुरुवातीच्या काही मार्करमध्येच. नशीबच म्हणायचं! पण तिथून प्रत्यक्ष जीन मिळायला 1993 उजाडलं. गल्ली सापडली पण घर सापडायला दहा वर्षं. मधल्या काळात तपासणी मार्करवरूनच व्हायची, म्हणजे स्वतःचं भविष्य कळण्यासाठी नातेवाइकांनीही रक्त द्यायला लागायचं, आणि मार्कर आणि जीनची ताटातूट झाली असेल तर उत्तर चुकण्याची शक्यता राहायचीच. जीन मिळाल्यावर सी-ए-जी हे अक्षरगट किती वेळा आलेत ते थेट मोजता येऊ लागलं, 40 किंवा जास्त असतील तर आयुष्यात पुढे आजार जवळपास नक्की. सिस्टिक फायब्रोसिस या फुप्फुसांच्या आनुवंशिक आजाराला मात्र चारच वर्षं लागली, 1985 ला क्रोमोसोम 7, 1989 ला जीन. स्तनाच्या कॅन्सरचं बीआरसीए 1 हेही याच रस्त्याने आलं, 1990 मध्ये मेरी-क्लेअर किंग यांनी क्रोमोसोम 17 वर जागा दाखवली आणि 1994 मध्ये जीन मिळाला.

मधुमेह, लठ्ठपणा असल्या आजारांत एकच जीन दोषी नसतो, तिथे कुटुंबांवरचं लिंकेज तोकडं पडतं. म्हणून आता हजारो रुग्ण आणि हजारो निरोगी लोक घेऊन लाखो एसएनपी, म्हणजे एकेका अक्षराचे फरक तपासतात. यात सापडलेल्या एकेका मार्करचा परिणाम बहुतेक वेळा इवलासा असतो, आणि शेजाराचा जुना प्रश्न इथेही सुटत नाही. लठ्ठपणाशी जोडलेला 2007 चा प्रसिद्ध मार्कर एफटीओ जीनच्या आत आहे म्हणून सगळे एफटीओच्याच मागे लागले, आणि 2014 मध्ये दिसलं की तो भाग काही लाख बेस लांब असलेल्या आयआरएक्स 3 या दुसऱ्याच जीनचं काम कमी-जास्त करतो.