पाणी उकळते आणि पाणी फुटते

आधणाच्या पाण्यात बुडबुडे येतात आणि विद्युत अपघटनाच्या, म्हणजे विजेने पाणी फोडण्याच्या, नळीतही. पहिले वाफेचे, म्हणजे पाण्याचेच, दुसरे हायड्रोजन-ऑक्सिजनचे. एक भौतिक बदल, दुसरा रासायनिक. पुस्तकात हे दोन ओळींत उरकते, पण ठरायला तराजू लागला.

पाणी आटवले की तळाशी पांढरी पूड राहते. त्यावरून पाण्याची माती होते, असा जुना समज होता. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएने ऑक्टोबर 1768मध्ये काचेच्या बंद भांड्यात पाणी घालून 101 दिवस तापवत ठेवले. वाफ वर जायची, निवून परत खाली यायची. अखेर पूड मिळाली, पण एकूण वजन होते तेवढेच. रिकामे भांडे मात्र जवळपास त्या पुडीएवढे हलके भरले. माती काचेची होती!

इंग्रज शास्त्रज्ञ कॅव्हेंडिशने 1781च्या सुमारास हायड्रोजन हवेत जाळला. भांड्याच्या आतून पाण्याचे थेंब जमले. तरी त्याचा समज असा, की पाणी त्या वायूंत आधीपासूनच होते, जळताना फक्त बाहेर पडले. प्रयोग बिनचूक, अर्थ चुकलेला. लाव्हाझिए आणि म्यूनिए यांनी उलटी वाट धरली: लालभडक तापवलेल्या लोखंडी बंदुकीच्या नळीतून पाणी सोडले. पाण्यातला ऑक्सिजन घेऊन लोखंडाचे वजन वाढले आणि पलीकडून हायड्रोजन निघाला. पाणी मूलद्रव्य नाही, संयुग आहे.

व्होल्टाची विद्युतघटमाला (पहिली बॅटरी) आल्यावर, 1800मध्ये, निकल्सन आणि कार्लाइल यांनी विजेने पाणी फोडले. उकळणे आणि फोडणे यांच्या ऊर्जाखर्चातला फरकही मोठा: 18 ग्रॅम पाण्याची 100 अंशांवर वाफ करायला सुमारे 41 किलोज्यूल, तेच फोडायला 286.

वर्गात विजेने पाणी फोडण्याचा प्रयोग बहुधा नुसत्या ऊर्ध्वपातित पाण्यामुळे फसतो. त्यातून वीज जेमतेम वाहते. थोडे विरल सल्फ्युरिक आम्ल घालावे. मीठ घातले तर धनाग्रापाशी (बॅटरीच्या धन टोकाला जोडलेल्या तारेपाशी) क्लोरिनचा वास येतो आणि दोन भाग हायड्रोजनला एक भाग ऑक्सिजन हा 2:1चा हिशेब बिघडतो. तांब्याची तार धनाग्राला लावली तर तांबेच विरघळून पाणी निळसर होते. पेन्सिलीचे शिसे चालते, पण झिजते आणि थोडा कार्बन डायऑक्साइडही सोडते, प्लॅटिनम उत्तम. तरीही ऑक्सिजन हायड्रोजनच्या निम्म्याहून किंचित कमीच भरतो, कारण तो पाण्यात जास्त विरघळतो. म्हणून आधी थोडा वेळ वीज चालू ठेवावी, मग नळ्या पुन्हा भरून मोजमाप घ्यावे.