लक्झरी व्हिनाइल फरशी

पॉलिव्हिनाइल क्लोराइड, म्हणजेच पीव्हीसी, या प्लॅस्टिकचे थर उष्णतेने व दाबाने एकजीव करून तयार केलेली आणि लाकडाचे किंवा दगडाचे रूप दिलेली फरशी. ती सुट्या पट्ट्यांत किंवा चौकोनी लाद्यांत येते. गुंडाळी उलगडून अंथरायच्या व्हिनाइलपेक्षा तिचे वेगळेपण मुख्यतः यातच आहे. व्यवहारात लादीला ‘एलव्हीटी’ आणि पट्टीला ‘एलव्हीपी’ म्हणतात. नावातला ‘लक्झरी’ हा शब्द विक्रेत्यांचा. फरशी किती टिकेल हे त्यावरून मुळीच कळत नाही. ते ठरते सर्वांत वरच्या अर्ध्या मिलिमीटरवर आणि फरशीखालच्या जमिनीवर. दुकानात नमुना हातात घेतला की लक्ष जाते ते मात्र छापलेल्या चित्राकडे.

पूर्वपीठिका

धुता येणारी, पायाला फार गार न लागणारी जमीन हवी, या गरजेतून १८६०च्या दशकात फ्रेडरिक वॉल्टन या इंग्रज संशोधकाने जवसाच्या तेलापासून लिनोलियम तयार केले. पीव्हीसी तेव्हा या शर्यतीत नव्हते, कारण ते मुळात कडक आणि ठिसूळ. १९२६ मध्ये अमेरिकेतील बी. एफ. गुडरिच कंपनीत वॉल्डो सेमन यांनी ते मऊ, लवचीक करण्याची रीत शोधली. १९३३ च्या शिकागो जागतिक प्रदर्शनात व्हिनाइलच्या लाद्या लोकांपुढे आल्या आणि दुसऱ्या महायुद्धानंतर त्या शाळा, दवाखाने, स्वयंपाकघरे यांत सर्रास दिसू लागल्या.

या इतिहासाचा एक धागा आजही अंगाशी येऊ शकतो. १९८०च्या दशकापर्यंतच्या अनेक व्हिनाइल लाद्यांत आणि त्यांच्याखालच्या काळ्या डांबरी गोंदात ॲस्बेस्टस, म्हणजे धूळ श्वासात गेल्यास घातक ठरणारे तंतुमय खनिज, असे. जुन्या घरात साधारण २३ सेंमी चौरस लाद्या निघाल्या, तर त्या घासू किंवा फोडू नयेत. आधी तपासणी करून घ्यावी. लाद्या घट्ट बसलेल्या असतील तर न हलवता वरून नवी फरशी घालणे बहुतेक वेळा अधिक सुरक्षित ठरते.

थर आणि जाडी

पट्टी आडवी कापून पाहिली तर वरून खाली असे दिसते: पॉलियुरेथेनचा अगदी पातळ लेप, त्याखाली पारदर्शक झीज-थर, मग छापील चित्राची पातळ फिल्म, मग जाड गाभा आणि काही पट्ट्यांत तळाला चिकटवलेला फोमचा किंवा बुचाचा अस्तर-थर. लाकडाच्या रेषा, गाठी हे सगळे फिल्मवर छापलेले असते. चांगल्या मालात वरचा उठाव त्या छापील रेषांवर नेमका बसवलेला असतो, म्हणून बोट फिरवले की गाठ जिथे दिसते तिथेच हाताला लागते. स्वस्त मालात रेष एकीकडे, उठाव दुसरीकडे.

झीज सोसतो तो पारदर्शक थर. पावले, खुर्च्या, कुत्र्याची नखे यांचा सगळा मार त्याच्यावर. तो संपला की चित्र उघडे पडते आणि पुढे करण्यासारखे काही उरत नाही. खऱ्या लाकडासारखे तासून पुन्हा पॉलिश करता येत नाही. या थराची जाडी अनेकदा ‘मिल’मध्ये देतात आणि गोंधळ इथेच होतो. मिल म्हणजे मिलिमीटर नव्हे. १ मिल हा इंचाचा हजारावा भाग, म्हणजे ०.०२५४ मिमी. १२ मिल म्हणजे सुमारे ०.३ मिमी आणि २० मिल म्हणजे सुमारे ०.५ मिमी. खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘८ मिमी’ असते ती पट्टीची एकूण जाडी. ८ मिमी जाड पट्टीवर ६ मिलचाच झीज-थर असेल, तर २.५ मिमीची पण २० मिल थराची पट्टी झिजेच्या बाबतीत तिच्यापेक्षा सरस ठरते. फारशी वर्दळ नसलेल्या निजायच्या खोलीला ०.३ मिमी पुरते. प्रवेशाची जागा, स्वयंपाकघर किंवा पाळीव प्राणी असलेले घर असेल तर ०.५ मिमीच्या खाली जाऊ नये.

आयएसओ १०८७४ या आंतरराष्ट्रीय प्रमाणात फरशीचे वापरानुसार वर्ग पाडले आहेत. २१ ते २३ घरगुती, ३१ ते ३४ व्यापारी आणि ४१ ते ४३ हलक्या औद्योगिक वापरासाठी. दुसरा आकडा जितका मोठा तितकी वर्दळ जास्त. पत्रकातल्या विशेषणांपेक्षा हे दोन आकडे पाहावेत.

प्रकार

गोंदाने चिकटवायची पट्टी साधारण २ ते ३ मिमी जाड आणि लवचीक असते. सैल अंथरायची पट्टी जाड, वजनदार असते आणि स्वतःच्या भारावर जागेवर राहते. क्लिक पट्टीच्या कडांना जीभ आणि खाच असते. पट्ट्या एकमेकींत अडकतात, जमिनीला मात्र कुठेच चिकटत नाहीत. सगळी फरशी एक सलग चटई होऊन जमिनीवर ‘तरंगते’. घरात स्वतः बसवणारे बहुधा हाच प्रकार घेतात.

क्लिक प्रकारात गाभा दोन तऱ्हांचा. एसपीसी (स्टोन प्लॅस्टिक काँपोझिट) गाभ्यात चुनखडीची भुकटी भरपूर असते. तो कडक, जड असतो आणि जड फर्निचरच्या पायांनी सहसा खड्डा घेत नाही, पण पायाखाली टणक लागतो. डब्ल्यूपीसी (वुड प्लॅस्टिक काँपोझिट) गाभा फेसाळ केलेला, म्हणून जाड, हलका आणि ऊबदार. त्यावर भरलेल्या कपाटाचा पाय रुतू शकतो. यात श्रेष्ठ-कनिष्ठ काही नाही. खोलीत जड सामान किती आणि अनवाणी वावर किती, एवढाच प्रश्न.

खालची जमीन

फरशी बिघडली की दोष पट्टीला दिला जातो. बहुतेक वेळा गुन्हेगार खाली लपलेला असतो.

जमीन पाणसळीत नसली तरी चालेल, सपाट मात्र हवी. एका बाजूला हलका उतार असलेली सपाट जमीन चालते. पाणसळ बरोबर दाखवणारी पण मध्येच उंचवटे-खळगे असलेली चालत नाही. नेहमीची मर्यादा ३ मीटर लांबीत सुमारे ५ मिमी इतकी असते. लांब सरळ पाटा जमिनीवर ठेवून चारी दिशांना फिरवावा, खालून उजेड दिसेल तिथे खडूने खूण करावी. क्लिक पट्टीखाली पोकळी राहिली तर प्रत्येक पावलाला सांधा खालीवर होतो. मिलिमीटर-दोन मिलिमीटर जाडीची ती जीभ किती दिवस सोसणार? आधी ‘चक चक’ आवाज येतो, मग फट दिसते, मग जीभ तुटते. चिकटवलेल्या पातळ पट्टीचा त्रास वेगळा: खाली राहिलेला वाळूचा कण किंवा जुन्या लाद्यांमधली रेघसुद्धा काही दिवसांनी वर उमटते आणि तिरप्या उन्हात लख्ख दिसते. म्हणून उंचवटे घासावेत, खळगे आणि सांधे भरणीच्या मिश्रणाने भरावेत. वरून मऊ फोम अंथरून खळगे झाकणे हा उपाय नाही. अस्तर लावलेल्या पट्टीखाली आणखी फोम घातला तर सांधे लवकर तुटतात.

दुसरा शत्रू ओलावा. सिमेंटचा कोबा वरून कोरडा दिसला तरी आतले पाणी महिनोन्‌महिने बाहेर पडत असते. दर २५ मिमी जाडीला साधारण एक महिना असा जुना ठोकताळा आहे. व्हिनाइल ते पाणी अडवते. अडलेल्या ओलाव्याबरोबर सिमेंटमधला क्षार वर येतो, गोंद पुन्हा मऊ पडतो, पट्ट्यांच्या कडांतून तो चिकट होऊन बाहेर येतो, कुबट वास सुटतो. घरच्या घरी तपासायचे तर ४५ सेंमी चौरस प्लॅस्टिकचा कागद जमिनीवर चारी कडांनी टेपने बंद करून किमान १६ तास ठेवावा. खाली दव धरले किंवा कोबा गडद झाला तर थांबावे. मात्र कागद कोरडा निघाला म्हणजे सगळे ठीक, असे नव्हे. ही चाचणी पृष्ठभागापुरती. खात्रीची रीत म्हणजे कोब्याच्या जाडीच्या ४० टक्के खोलीपर्यंत भोक पाडून आतली सापेक्ष आर्द्रता मोजणे.

बसवणे

खोकी उघडण्यापूर्वी, शक्यतो ४८ तास आधी, त्याच खोलीत आडवी ठेवतात. उभी टेकवून ठेवली तर पट्ट्या वाकतात. नेहमीच्या खोलीत १० टक्के आणि हेरिंगबोन, म्हणजे माशाच्या काट्यासारख्या तिरक्या, मांडणीत सुमारे १५ टक्के माल जादा धरावा. एका वेळी तीन-चार खोकी उघडून पट्ट्या मिसळून घ्याव्यात. एका नक्षीची वेगवेगळी चित्रे मोजकीच असतात आणि एकच गाठ शेजारच्या ओळीत दोनदा आली की लाकडाचे सोंग उघडे पडते.

पहिली पट्टी टेकवण्याआधी हिशेब करावा. समजा भिंतीलगतच्या फटी वगळून खोलीची रुंदी २९२ सेंमी आहे आणि पट्टी १८ सेंमीची. १६ ओळींत २८८ सेंमी भरते आणि शेवटी ४ सेंमीची चिंधी उरते. ती नीट अडकत नाही आणि दिसतेही वाईट. त्याऐवजी पहिली ओळ ११ सेंमीची कापावी, मध्ये १५ पूर्ण ओळी घालाव्यात, म्हणजे शेवटची ओळही ११ सेंमीचीच येते. शेजारच्या ओळींतले आडवे सांधे एकमेकांपासून किमान १५ ते २० सेंमी सरकवावेत.

भिंतीलगत ६ ते १० मिमी फट सोडायची ती शोभेसाठी नव्हे. कडक पीव्हीसी तापमानाच्या दर अंश सेल्सिअसला लांबीच्या ५० ते ८० दशलक्षांशाने वाढते. २० अंशांचा फरक पडला तर ५ मीटरच्या ओळीची वाढ ५ ते ८ मिमी भरते. चुनखडीमुळे एसपीसीत ती कमी होते, पण संपत नाही. फट नसेल तर वाढलेली फरशी भिंतीला रेटते आणि खोलीच्या मध्यभागी तिला पोट सुटते. याच कारणाने स्कर्टिंगचा खिळा भिंतीत जावा, फरशीत नव्हे. स्वयंपाकघराचे बैठे ओटे-कपाटेही आधी जमिनीवर उभी करावीत आणि तरंगती फरशी त्यांच्यापर्यंत आणून थांबवावी.

कापायला करवतीची गरज सहसा पडत नाही. गुण्या धरून धारदार कटरने वरच्या थरावर एक-दोन वेळा खोल रेघ ओढायची आणि पट्टी गुडघ्यावर मोडायची. दाराच्या चौकटीपाशी पट्टीला नक्षीदार कापत बसण्यापेक्षा चौकटच तळाशी पट्टीच्या जाडीइतकी कापून पट्टी तिच्याखाली सारावी. पट्टी तिरकी धरून जीभ खाचेत घालायची, हलकेच खाली दाबायची. ‘टक’ असा आवाज आला तरी त्यावर विसंबू नये. सांध्यावरून नख आडवे फिरवावे. नख अडले तर पट्टी सोडवून खाचेतला भुसा झटकावा आणि पुन्हा बसवावी. ठोकायचेच तर ठोकळा मध्ये धरून आणि हळू. हातोडा थेट कडेवर पडला की ती पट्टी गेली.

चिकटवण्याच्या प्रकारात दातेरी थापीने गोंद पसरतात आणि तो पुरेसा चिकट होईपर्यंत थांबतात. घाई केली तर गोंद सांध्यातून वर येतो, उशीर झाला तर धरत नाही. शेवटी साधारण ४५ किलोचा रूळ दोन्ही दिशांनी फिरवतात. स्वतः हात घालणाऱ्याने या प्रकाराच्या वाटेला जाण्यापूर्वी विचार करावा.

देखभाल

सर्वांत जास्त नुकसान करते ती बारीक वाळू. पायांखाली ती पॉलिश कागदासारखे काम करते, म्हणून दारात पायपुसणे आणि मऊ केरसुणी यांनीच अर्धी देखभाल होते. पायपुसण्याची पाठ मात्र रबराची नसावी. रबरातली काही द्रव्ये हळूहळू व्हिनाइलमध्ये शिरतात आणि पिवळट-तपकिरी डाग धरतो. तो पृष्ठभागावर नसतो, थराच्या आत असतो. कितीही घासले तरी निघत नाही. खुर्चीची रबरी चाके आणि यंत्रांचे रबरी पायही हाच डाग पाडतात. विणलेली पाठ असलेले किंवा व्हिनाइलला चालणारे म्हणून विकले जाणारे जाजम वापरावे आणि खुर्च्यांच्या पायांना फेल्ट लावावे.

पुसण्यासाठी नीट पिळलेला पोछा आणि उदासीन सामूचा सौम्य द्रव पुरे. फरशी कळकट दिसू लागली की लोक द्रव वाढवतात. बऱ्याचदा तो कळकटपणा आधीच्या जादा द्रवाच्या थराचाच असतो आणि साध्या पाण्याने दोनदा पुसले की जातो. मेण, ब्लीच, खरखरीत घासणी नको. वाफेचा पोछा तर नकोच: उष्णता आणि बाष्प सांध्यांत शिरून गोंद आणि जीभ दोन्ही सैल करतात. तीव्र उन्हाच्या खिडकीला पडदा असावा. जमिनीखाली तापवण्याची सोय असेल तर पृष्ठभाग साधारण २७ अंशांवर जाऊ देऊ नये.

‘वॉटरप्रूफ’ हे विशेषण पट्टीला लागू आहे, फरशीला नाही. सांडलेले पाणी वेळीच टिपले तर काही होत नाही. रात्रभर नळ वाहिला तर पाणी कडेच्या फटीतून खाली जाते, वर पट्ट्या धडधाकट दिसतात आणि खाली बुरशी वाढते. अशा वेळी कडेकडून पट्ट्या उचलून जमीन वाळवण्यावाचून गत्यंतर नाही.

आरोग्य आणि कचरा

व्हिनाइल क्लोराइड हा पीव्हीसीचा कच्चा माल कर्करोगकारक ठरलेला आहे. तो धोका प्रामुख्याने कारखान्यातला. घरात प्रश्न उरतो तो पीव्हीसी मऊ करणाऱ्या थॅलेट द्रव्यांचा. युरोपीय संघाने जुलै २०२० पासून त्यांतल्या चार द्रव्यांवर ग्राहकोपयोगी वस्तूंत ०.१ टक्क्याची मर्यादा घातली आहे. घेताना थॅलेटमुक्त असल्याची आणि हवेत सुटणाऱ्या वाफांच्या चाचणीची लेखी नोंद मागावी. पुनर्वापराचे चित्र फारसे आशादायक नाही, कारण एकजीव केलेले थर पुन्हा वेगळे करणे अवघड असते.

दुरुस्ती

चिकटवलेली खराब पट्टी हीट गनने ऊब देऊन उचलता येते आणि तिथे नवी बसते. क्लिक फरशीत भिंतीजवळची पट्टी असेल तर तिथपर्यंतच्या ओळी सोडवाव्यात. मधली असेल तर ती कटरने कापून काढावी, नव्या पट्टीच्या खाचेचा खालचा ओठ छाटावा आणि तिला गोंदाने बसवून वर रात्रभर वजन ठेवावे. यासाठी नवी पट्टी त्याच नक्षीची, शक्यतो त्याच घाण्यातली, म्हणजे एकाच वेळी तयार झालेल्या मालातली, लागते, आणि नक्ष्या वरचेवर बंद होत असतात. काम संपल्यावर उरलेले खोके, त्यावरच्या घाणा क्रमांकाच्या चिठ्ठीसकट, पलंगाखाली आडवे ठेवून द्यावे.