ग्लासातली केळी आणि भरिताचा धूर

जानेवारीतली रात्र होती. चोपडा तालुक्यातल्या एका मळ्यात भरिताची वांगी भाजली जात होती आणि मी बाजूच्या खाटेवर चार ग्लास मांडून ठेवले होते. प्रत्येकात जेमतेम पंधरा मिली व्हिस्की. बाटल्या घरात झाकलेल्या. कुठल्या ग्लासात काय ओतलंय हे फक्त माझ्या मित्राच्या पुतण्याला ठाऊक, आणि तो ओतून लांब जाऊन बसला होता. मित्राचे वडील, नाना, सत्तरी ओलांडलेले. सगळी हयात केळीत गेलेली. त्यांनी पहिला ग्लास नाकाशी नेला, जरा थांबले आणि म्हणाले, “हाऊ ते पिकेल केळासना वास शे!”

बाकीच्यांना वाटलं, नानांना सगळीकडे केळीच दिसते. पण नाना अगदी बरोबर होते. पिकल्या केळाचा जो ओळखीचा वास, त्यात मोठा वाटा आयसोअमाइल अॅसिटेट नावाच्या रेणूचा असतो. फळ पिकताना तो सालीखाली तयार होतो. व्हिस्कीसाठी मोड आणलेल्या जवाचा गोड काढा आंबवायला ठेवतात, तेव्हा त्यातलं यीस्ट साखरेपासून मद्यार्क बनवता बनवता हाच रेणू बनवतं. केळातला आणि ग्लासातला रेणू यांत काडीचाही फरक नाही. या कुळातल्या रेणूंना एस्टर म्हणतात. सफरचंद, अननस, नासपती यांच्या वासाचे एस्टरही व्हिस्कीत सापडतात. त्यामुळे ज्याने चाळीस वर्षं केळीचे घड हाताळले, कोणता घड कधी पिकेल हे वासावरून सांगितलं, त्याचं नाक या कामाला कुणापेक्षा कमी नाही, उलट चार पावलं पुढेच आहे.

हे मुद्दाम सांगतो, कारण व्हिस्कीची पारख म्हणजे शहरातल्या, इंग्रजी बोलणाऱ्या माणसांचं काम असा आपल्याकडे समज आहे. पारखीचं जवळजवळ सगळं काम नाक करतं. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी एवढंच कळतं. नाकात मात्र वास ओळखणारे सुमारे ४०० प्रकारचे ग्राहक (रिसेप्टर, म्हणजे वासाचा रेणू ओळखणारी प्रथिनं) आहेत. नाक चिमटीत धरून बडीशेप चावून बघा: थोडं गोड लागेल, बस. चिमटी सोडा, की बडीशेप एकदम उमटते. घशामागून नाकात चढलेल्या त्या वासालाच आपण ‘चव’ म्हणत असतो. म्हणून व्हिस्कीचा छोटा घोट तोंडात फिरवून झाल्यावर तोंड मिटून नाकाने हळू श्वास सोडायचा. खरी माहिती तिथे मिळते. गटागटा पिणाऱ्याला ती मिळत नाही.

दुसऱ्या ग्लासाला कुणालाच विचार करावा लागला नाही. समोर पऱ्हाट्या पेटल्या होत्या, त्यावर हिरवी-पांढरी भली मोठी वांगी काळी पडून सुरकुतली होती, आणि ग्लासातूनही तोच वास येत होता. लाकडात लिग्निन नावाचा चिवट पदार्थ असतो. तो जळाला की ग्वायकॉल आणि त्याच्या जातीचे फिनॉल सुटतात; धुराचा धूरपणा त्यांच्यामुळे. कपाशीच्या काड्यांचं लिग्निन जळून सुटलेले फिनॉल वांग्याच्या गरात मुरतात आणि गॅसवर भाजलेल्या वांग्याला कधीच न येणारी चव भरिताला येते. स्कॉटलंडच्या पश्चिमेला आयला नावाचं बेट आहे. तिथे दलदलीत हजारो वर्षं साचून कुजलेल्या वनस्पतींचे थर कापून वाळवतात. त्याला पीट म्हणतात. मोड आलेलं जव या पीटच्या धुरावर सुकवलं, की धूर दाण्यात बसतो आणि आंबवणं, दोनदा ऊर्ध्वपातन, पिंपातली वर्षं, सगळ्यातून टिकून ग्लासात उतरतो. आयलाच्या व्हिस्कीला पहिल्यांदा नाक लावणारे पुष्कळ जण ‘दवाखान्याचा वास’ म्हणून ग्लास बाजूला ठेवतात. भरितावर वाढलेल्या माणसाने तसं करू नये, एवढंच माझं आग्रहाचं म्हणणं आहे.

याच लिग्निनचं दुसरं रूप पिंपात दिसतं. ओकच्या लाकडाचं पिंप आतून भाजून किंवा जाळून घेतात. तिथे लिग्निन अर्धवट तुटतं आणि त्यातून व्हॅनिलिन मिळतं, म्हणजे आइस्क्रीममधला व्हॅनिलाचा वास. भट्टीतून उतरलेलं मद्य पाण्यासारखं बिनरंगी असतं. रंग आणि वासाचा बराच भाग ते पिंपातून घेतं. सातपुड्यातली मोहाची दारू याच्या अगदी उलट. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे झाडाखाली पडलेली फुलं वेचून, वाळवून, भिजवून, आंबवून ती गाळतात. लाकडात ती मुरत नाही, म्हणून जे काही असतं ते फुलाचं असतं. धडगाव-अक्कलकुव्याच्या बाजूला ज्याने मोह फुलल्यावर जंगलातून चालत वाट काढली आहे, त्याला तो वास वेगळा सांगावा लागत नाही.

आपण ‘पहिल्या धारेची’ असं कौतुकाने म्हणतो. पहिली धार सर्वांत कडक असते हे खरंच. पण व्हिस्कीच्या तांब्याच्या भट्टीवर बसलेला माणूस अगदी सुरुवातीची धार बाजूला काढतो, कारण तिच्यात अॅसिटाल्डिहाइड आणि इथाइल अॅसिटेटचा नाकात घुसणारा उग्रपणा असतो. शेवटची धारही तो वेगळी काढतो; ती जड आणि कुबट असते. मधली ठेवतो. कुठे कापायचं, या एका निर्णयात व्हिस्कीची अर्धी किंमत आहे असं मी मानतो. (आणि एक गोष्ट जिवाची: मिथेनॉल हा विषारी मद्यार्क नाकाला किंवा जिभेला ओळखता येत नाही. कुठून आली माहीत नाही अशी दारू वासावरून पारखण्याच्या भानगडीत कुणीही पडू नये.)

आता जळजळीबद्दल. तोंडात मिरचीचं कॅप्सेसिन ज्या ग्राहकाला चेतवतं, तो ग्राहक डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने १९९७ मध्ये शोधून काढला. त्या कामाला २०२१ चं नोबेल मिळालं. हा ग्राहक खरं म्हणजे चटक्याची सूचना देणारा आहे. एरवी तो ४२ अंशांच्या आसपास जागा होतो. मद्यार्क लागला की तो ३४ अंशांच्या आसपासच जागा होतो. आपल्या तोंडाचं तापमान त्याहून जास्त असतं, म्हणून थंड व्हिस्कीनेही घसा पोळल्यासारखा वाटतो. ठेच्याची आग आणि व्हिस्कीची आग एकाच दारातून आत येतात. शेवभाजीवर ताव मारून मग व्हिस्कीची पारख करायला बसलात, तर ते दार आधीच सताड उघडं असतं. त्या रात्री आम्ही भरित-कळण्याची भाकरी नंतर ठेवली ती याचसाठी.

बर्फ टाकावा की नाही यावरून आपल्याकडे उगाच भांडणं होतात. ‘खोलीच्या तापमानाला प्यावी’ हा स्कॉटलंडचा सल्ला आहे, आणि तिथली खोली १८-२० अंशांची असते. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या आसपास गेला, की रात्री दहा वाजताही भिंती तापलेल्या असतात. २० अंशांना इथेनॉलच्या, म्हणजे मद्यार्काच्या, वाफेचा जो दाब असतो, तो ४० अंशांना तिप्पट होतो. म्हणजे ग्लास नाकाशी नेला की वासाच्या आधी मद्यार्काचा भपकाच बसतो, आणि नाक बधिर होतं. उन्हाळ्यात बाटली थोडा वेळ माठाजवळ किंवा फ्रिजमध्ये ठेवून विशीच्या जवळ आणणं हेच शास्त्राला धरून आहे. फार गार मात्र करू नये, कारण मग वासाचे रेणूही उडत नाहीत.

पाण्याचंही तसंच. स्वीडनच्या लिनियस विद्यापीठातल्या ब्योर्न कार्लसन आणि रान फ्रीडमन यांनी २०१७ मध्ये संगणकावर ग्वायकॉल, पाणी आणि इथेनॉलचं मिश्रण मांडून बघितलं. मद्यार्क ४५ टक्क्यांपर्यंत असेल तर ग्वायकॉल पृष्ठभागाजवळ राहतं; ५९ टक्क्यांच्या वर इथेनॉल त्याला वेढून आत ओढतं. थोडं पाणी घातल्यावर धूर ‘उघडतो’ तो यामुळे. आपल्याकडच्या बहुतेक बाटल्या ४२.८ टक्क्यांच्या असतात (जुन्या ब्रिटिश मोजणीत ७५ अंश), म्हणजे पाणी आधीच घातलेलं असतं. तरीही वेगवेगळ्या व्हिस्की मिसळून चव जमवणारे अनुभवी मिश्रणकार वास घेताना व्हिस्की साधारण २० टक्क्यांपर्यंत पातळ करतात. पाणी घालून पिणाऱ्याला कुणी कमी लेखू नये.

किमतीचं गणित मात्र नाकाच्या गणितापेक्षा फार वेगळं आहे. सरकारचा वाटा त्यात आधी येतो. महाराष्ट्राने जून २०२५ मध्ये, लिटरला २६० रुपयांपर्यंत उत्पादन खर्च जाहीर केलेल्या, भारतातच बनणाऱ्या ‘विदेशी मद्या’वरचं शुल्क त्या खर्चाच्या तिप्पटीवरून साडेचार पट करायचं ठरवलं. परदेशातून येणाऱ्या स्कॉचवर १५० टक्के सीमाशुल्क होतं. जुलै २०२५ मध्ये ब्रिटनशी झालेल्या करारात ते ७५ आणि दहा वर्षांत ४० टक्क्यांवर आणायचं ठरलं आहे. बाटलीच्या किमतीतला हा भाग चवीचा नाही.

मग वय. लेबलवर १२ लिहिलं असेल, तर त्यातल्या सर्वांत कोवळ्या व्हिस्कीचं वय १२ असतं. स्कॉटलंडमध्ये पिंपातून वर्षाला साधारण २ टक्के व्हिस्की उडून जाते; बंगळूरुमध्ये १० ते १२ टक्के. हिशेब करून बघा: २ टक्क्यांनी १८ वर्षांनंतर पिंपात ७० टक्के उरते, १० टक्क्यांनी फक्त १५. आपल्या उन्हात याहून बरं काही होणार नाही. पण उष्णतेत लाकडाशी देवाणघेवाणही झपाट्याने होते, म्हणून चार-पाच वर्षांची भारतीय सिंगल माल्ट (एकाच कारखान्यात, फक्त मोड आलेल्या जवापासून केलेली व्हिस्की) पुष्कळदा तिकडच्या बारा वर्षांच्या बाटलीशेजारी ताठ मानेने उभी राहते. बंगळूरुच्या अमृतने २००४ मध्ये आपली सिंगल माल्ट पहिल्यांदा विकायला काढली ती थेट ग्लासगोमध्ये. वयाचा आकडा देश बदलला की तुलनेला चालत नाही.

रंगावर तर अजिबात जाऊ नये. स्कॉचमध्येही कॅरमेलचा रंग घालायला परवानगी आहे.

आपल्याकडच्या स्वस्त बाटल्यांबद्दल एक गोष्ट कळायला हवी. त्यांतल्या बहुतेकांचा पाया उसाच्या मळीपासून काढलेला, सुमारे ९६ टक्क्यांपर्यंत शुद्ध केलेला मद्यार्क असतो. एवढं शुद्ध केल्यावर वास उरत नाही. मग त्यात थोडी माल्ट व्हिस्की मिसळतात. युरोपात याला व्हिस्की म्हणून विकता येत नाही. मला यात फसवणूक वाटत नाही. पण सिंगल माल्टच्या जवळपासचा भाव कुणी मागत असेल, तर बाटली फिरवून मागची बारीक अक्षरं वाचायला हवीत.

आणि शेवटी आपला मेंदू. २००८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी २० जणांना वाइन पाजत त्यांच्या मेंदूचं स्कॅनिंग केलं. एकच वाइन एकदा ५ डॉलरची म्हणून, एकदा ४५ डॉलरची म्हणून. महाग सांगितलेली लोकांना जास्त आवडली, आणि आनंदाशी जोडलेला मेंदूचा भाग खरोखरच जास्त चेतला. म्हणजे ते खोटं बोलत नव्हते. किंमत ऐकून त्यांना खरंच जास्त मजा आली. त्यामुळे लेबल बघून केलेल्या पारखीवर, अगदी प्रामाणिक माणसाच्या पारखीवरही, मी विश्वास ठेवत नाही.

यावर साधा उपाय आहे. तीन ग्लास घ्यायचे, दोघांत एकच व्हिस्की, तिसऱ्यात वेगळी. वेगळी कोणती ते ओळखायचं. नुसत्या नशिबाने तिघांत एकदा जमतं. सलग चार वेळा जमायची शक्यता ८१ त एक. स्वस्त आणि महाग बाटली अशी ओळखता येत नसेल, तर त्या दोघींच्या किमतीतला फरक तुमच्यासाठी नाही.

मळ्यावर आमचे चार ग्लास होते. पहिला भारतीय सिंगल माल्ट, दुसरा आयलाचा, तिसरा मळीच्या पायावरचा. चौथ्यात पुन्हा पहिलीच व्हिस्की ओतली होती, हे आम्हाला कुणाला माहीत नव्हतं. आम्ही सहा जण. चौघांनी पहिल्या आणि चौथ्याला वेगवेगळे गुण दिले, त्यात मीही होतो. एकाने तर चौथी ‘नक्कीच परदेशी’ ठरवली. नानांनी चौथा ग्लास हुंगला, परत पहिला उचलला. “हाऊ नि पयला, येकच शे.” त्यांनी घोटसुद्धा घेतला नव्हता. डॉक्टरांनी दारू बंद केल्याला बारा वर्षं झाली होती, आणि दारू कर्करोगाला कारण ठरते हे पक्कं झालेलं असताना मीही त्यांना आग्रह केला नसता. वासाला बंदी नव्हती.

ग्लास तसेच खाटेवर राहिले. सकाळी ते तळाशी सुकून गेले होते. रिकामे ग्लास हुंगणं ही माझी जुनी सवय. तिसऱ्याला कसलाच वास नव्हता. दुसऱ्याला थंड चुलीतल्या राखेचा होता, कारण फिनॉल जड असतात, सहजी उडत नाहीत. नाना चहा घेऊन आले आणि त्यांनी पहिला ग्लास उचलून उन्हाकडे धरला, मग नाकाशी नेला.

“केळ गयं,” ते म्हणाले. “आते खोबराना वास येस.”

ओकच्या लाकडात लॅक्टोन कुळातला एक रेणू असतो, त्याचा वास सुक्या खोबऱ्यासारखा असतो. हलके एस्टर रात्रीतून उडून गेले होते. लाकूड अजून ग्लासात होतं.