भास, भ्रम आणि ‘भायरचा’ : स्किझोफ्रेनियाच्या ओळखीची पार्श्वभूमी

तळकोकणात विशीतला मुलगा एकटाच पुटपुटू लागला, ‘यात काहीतरी कालवलंय’ म्हणत आईने वाढलेलं ताट सरकवू लागला, की घरातलं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: “कायतरी भायरचा असा.” म्हणजे बाहेरची बाधा. मग देवळात गाऱ्हाणं, कौल, बाधा उतरवणारा घाडी. मुंबईचा चाकरमानी भाऊ डॉक्टरचं नाव काढेपर्यंत वर्ष उलटतं. रत्नागिरीचं मनोरुग्णालय ब्रिटिश काळापासून उभं आहे, पण तिथे नेलं तर घराण्याला बट्टा लागेल ही धास्तीही जुनीच. उपचार सुरू व्हायला जितका उशीर, तितका स्किझोफ्रेनिया हा आजार आटोक्यात आणणं अवघड होतं.

कौल लावणाऱ्यांना मी अडाणी म्हणणार नाही. न दिसणाऱ्या माणसाचा आवाज स्पष्ट ऐकू येतो, याचा अर्थ प्रत्येक काळाने हाताशी होतं त्यातूनच लावला. लंडनच्या बेथलेम रुग्णालयात जेम्स टिली मॅथ्यूज नावाचा रुग्ण होता. शहरात दडलेली टोळी ‘एअर लूम’ (हवेचा माग) या यंत्रातून आपल्या मनावर ताबा मिळवते, अशी त्याची पक्की खात्री. तिथले औषधवैद्य (अपोथेकरी) जॉन हॅस्लम यांनी १८१० मध्ये ती हकिगत सविस्तर छापली. तो काळ मागांचा आणि गिरण्यांचा होता. आज तेच काम मोबाइल आणि सीसीटीव्ही करतात. आपल्याकडे करणी, मूठ, नाहीतर सामायिक बागेवरून बिनसलेले भाऊबंद. कोणीतरी माझ्यावर टपलंय, हा गाभा मात्र तोच.

वैद्यकाने या आजाराला वेगळं काढलं ते बरंच नंतर. जर्मनीत एमिल क्रेपेलिन यांनी १८९० च्या दशकात त्याची मांडणी केली, स्वित्झर्लंडच्या ऑयगेन ब्लॉयलर यांनी ‘स्किझोफ्रेनिया’ हे आजचं नाव रूढ केलं. १९१३ मध्ये जर्मन मनोविकारतज्ज्ञ कार्ल यास्पर्स यांनी भ्रमाची खूण सांगितली: खात्री अढळ असते आणि पुराव्याने ती हलत नाही. म्हणूनच “अरे, असा काय नाय रे” हे आईने कितीही कळवळून सांगितलं तरी उपयोग होत नाही. उलट आईही त्या कटात सामील ठरते. घरच्यांना सगळ्यात जास्त लागतं ते हे.

१९५२ मध्ये पॅरिसमध्ये डिले आणि डेनिकर या मनोविकारतज्ज्ञांनी क्लोरप्रोमाझिन हे औषध वापरून पाहिलं आणि आवाज, संशय औषधाने ओसरू शकतात हे दिसलं. ही औषधं मेंदूतल्या डोपामिन या रसायनाला अडवतात, हे पुढे कळलं. डोपामिन वाढलं की क्षुल्लक गोष्टीलाही भलतं महत्त्व येतं, असं आज मानलं जातं. शेजाऱ्याचं खाकरणं, रस्त्यावरचा हॉर्न, सगळं आपल्यालाच उद्देशून आहे असं वाटू लागतं. आवाजांबद्दल १९९३ मध्ये लंडनच्या संशोधकांना आढळलं, की ते ऐकू येत असताना बोलणं घडवणारा मेंदूचा भाग जागा असतो. म्हणजे बोलणं आतलंच, पण ते आपलं आहे ही ओळख हरवलेली. तेव्हा ‘सोंग करतो’ हा आरोप साफ खोटा आहे. त्याला खरोखरच ऐकू येतं.

आणि काय ऐकू येतं, तेही गावागणिक बदलतं. मानववंशशास्त्रज्ञ टान्या लुरमन आणि सहकाऱ्यांनी चेन्नई, घानातलं अक्रा आणि अमेरिकेतलं कॅलिफोर्निया इथल्या प्रत्येकी २० रुग्णांशी बोलून २०१४ मध्ये निष्कर्ष मांडले. कॅलिफोर्नियात आवाज बहुधा हिंसक होते. चेन्नईत अनेकांना नातेवाईकच ऐकू येत, घरकामाच्या सूचना देणारे, रागावणारे.

कायदाही हळूहळूच बदलला. १९१२ च्या ‘ल्युनसी’ (वेडेपणा) कायद्यापासून २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यापर्यंत शतक गेलं. मध्ये २००१ साली तमिळनाडूतल्या एरवाडीत मनोरुग्णांना ठेवत त्या जागी आग लागली आणि साखळ्यांनी बांधलेले २८ रुग्ण होरपळून गेले. आज रुग्णाला साखळीने बांधणं कायद्याने बंद आहे.

घरी वाद घालू नये, होकारही भरू नये. “तुला भीती वाटतेय ना? मी हंयच आसंय,” एवढं पुरतं. देवाला गाऱ्हाणं घालायचं तर जरूर घालावं, पण गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नयेत. कुठून सुरुवात करावी कळत नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे, तिथे मराठीत बोलता येतं.