कोंबडीच्या पिल्लांचे आजार (कोकण)

अंड्यातून बाहेर आल्यापासून साधारण आठ आठवड्यांपर्यंत पिल्लांना होणारे त्रास आणि परसातल्या परसात करता येण्यासारखे उपाय यांची ही नोंद. कोकणात हल्ली गावठीच्या जोडीला गिरिराज, वनराज, कावेरी अशा सुधारित जातींची पिल्लं पण घरोघरी येतात, आणि ती मरायला लागली की पहिला संशय रोगावर जातो, पण बऱ्याचदा सुरुवात ओल नाहीतर गारठ्यापासून झालेली असते.

खुडूक कोंबडीखालच्या पिल्लांची ऊब ती कोंबडीच बघते. मशीनच्या पिल्लांना मात्र बल्ब लागतो, पहिल्या आठवड्यात ३२ ते ३५ डिग्री, मग दर आठवड्याला तीनेक डिग्री कमी करत जायचं. थर्मामीटर नसला तरी चालतं, पिल्लं बल्बखाली एकमेकांवर चढून चिवचिवत असतील तर थंडी वाजतेय, चोच उघडी टाकून कडेला पळत असतील तर गरम होतंय. पावसात लाईट गेली की गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून ठेवतात ते चांगलं, पण बंद खोलीत कोळशाची शेगडी अजिबात नको, धुराने आणि विषारी वायूने सगळीच्या सगळी जातात.

गारठा, प्रवास किंवा जास्त उष्णतेने शी मागे चिकटून सुकते आणि वाट बंद होते. ती ओढून काढायची नाही, कातडी निघते, कोमट पाण्याने भिजवून पुसायची आणि पिल्लू कोरडं करूनच परत सोडायचं. पेपरवर ठेवलेल्या पिल्लांचे पाय घसरून फाकतात म्हणून खाली पेपरऐवजी तूस किंवा गोणपाट बरं.

खरा घात करते ती रक्ती हगवण, म्हणजे कॉक्सिडिओसिस. साधारण तीन ते सहा आठवड्यांची पिल्लं पंख पाडून, डोळे मिटून उभी राहतात आणि शीतून रक्त पडतं. याचे जंतू शीतून बाहेर पडतात पण लगेच लागण करत नाहीत, ऊब आणि ओल मिळाली की दिवस-दोन दिवसांत तयार होतात, आणि जून ते सप्टेंबर कोकणात या दोन्ही गोष्टी फुकट मिळतात! अँप्रोलियम पाण्यातून पाच-सात दिवस देतात, प्रमाण गुरांच्या डॉक्टरला विचारूनच, आणि तेवढे दिवस दुसरं पाणी ठेवायचं नाही. हे औषध जंतूचं बी-१ जीवनसत्त्व अडवून काम करतं, म्हणून त्याच्यासोबत बी-कॉम्प्लेक्स देऊ नये, कोर्स संपल्यावर द्यावं. अँटिबायोटिकचा डबा आणून ओतणाऱ्यांची कमी नाही, पण हा बॅक्टेरियाचा आजार नव्हेच. औषध चालू असताना खालचं तूस बदललं नाही तर पैसे फुकट. पाण्याचं भांडं विटेवर उचलून ठेवलं की निम्मी ओल तिथेच थांबते.

बुरशी आलेलं तूस किंवा पेंढा वापरला तर बुरशी फुप्फुसात जाते, पिल्लं मान लांब करून धापा टाकतात, यावर उपयोगी असा इलाज नाही. बुरशी लागलेला मका-पेंड पण तितकाच वाईट, त्यातलं विष लिव्हर खातं.

राणीखेत, म्हणजे मानमोडी, झाली की औषध नाही, लसच. लासोटा ही तिची लस पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात थेंब, चौदाव्या दिवसाच्या आसपास गंबोरो या दुसऱ्या विषाणूच्या रोगाची, मग चौथ्या आठवड्याच्या सुमारास परत लासोटा. अडचण अशी की बाटली निदान शंभर डोसची आणि घरात पिल्लं दहा-बारा, शिवाय एकदा कालवली की दोनेक तासांत संपवावी लागते, त्यामुळे वाडीतल्या सगळ्यांनी एकाच सकाळी लस द्यायचं ठरवणं हाच शहाणपणा. बाटली बर्फातून आणायची. देवीचे फोड डासांमुळे पसरतात, त्याचीही लस मिळते.

सुस्त पिल्लू वेगळ्या डालग्यात ठेवावं. एकदम बरीच मेली तर जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावं, आणि मेलेली व्हाळात न फेकता चुना टाकून खोल पुरावीत, खालच्या वाडीतल्या कोंबड्या तेच पाणी पितात.