‘डिस्ट्रेस’ : जप्तीपासून पात्रतेपर्यंत

शेतीच्या संकटावरील इंग्रजी अहवालांत ‘डिस्ट्रेस’ हा शब्द पदोपदी येतो. ‘ॲग्रेरियन डिस्ट्रेस’, ‘डिस्ट्रेस सेल’, ‘डिस्ट्रेस मायग्रेशन’, ‘डिस्ट्रेस्ड डिस्ट्रिक्ट’ ही रूपे सरकारी कागदांत इतकी रुळली आहेत की त्यांचा अर्थ समजावून सांगण्याची गरज कुणाला वाटत नाही. वास्तविक हा शब्द दुःखाचा वाचक म्हणून जितका जुना आहे, तितकाच वसुलीच्या कायद्यातील संज्ञा म्हणूनही जुना आहे. ही दुसरी बाजू विस्मरणात गेल्यामुळे आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याचे कुटुंब सरकारी मदतीला पात्र की अपात्र, या विदर्भ आणि मराठवाड्यात गेल्या वीस वर्षांत झालेल्या वादाची मुळे सहसा फार अलीकडे शोधली जातात.

शब्दाचे मूळ लॅटिनमधील ‘डिस्ट्रिंगेरे’ या क्रियापदात आहे. ताणून वेगळे करणे, अडवून धरणे, आणि मध्ययुगीन वापरात सक्ती करणे, असे त्याचे अर्थ होते. जुन्या फ्रेंचमार्गे तो इंग्रजीत आला आणि तेराव्या शतकाच्या अखेरीपासून त्याचे दोन अर्थ शेजारी शेजारी चालत आले: एक मनाचा किंवा परिस्थितीचा कोंडमारा, आणि दुसरा थकलेल्या देण्यापोटी कुळाची जनावरे व जंगम वस्तू ताब्यात घेण्याचा जमीनमालकाचा हक्क. ज्या मुलखात सरंजामदाराला ही सक्ती करता येई, त्या मुलखाचे नाव त्याच क्रियापदावरून पडले आणि आजचा ‘डिस्ट्रिक्ट’ हा शब्द तेथूनच आला. ‘स्ट्रेस’ हा शब्दही बऱ्याच अंशी ‘डिस्ट्रेस’चे पहिले अक्षर गळून झालेला आहे.

इंग्लंडच्या कायद्याने या हक्काला पूर्वीपासून वेसण घालण्याचा प्रयत्न केला. 1267 च्या मार्लबरो येथील कायद्याने अवाजवी जप्तीला मनाई केली. दुसरी वस्तू मिळण्यासारखी असताना नांगराची जनावरे नेऊ नयेत, हा दंडकही त्याच काळातला आहे. मात्र तोवर जप्त केलेली वस्तू केवळ तारण म्हणून अडकवून ठेवता येत होती. 1689 च्या कायद्याने ती विकण्याची मुभा जमीनमालकाला दिली, आणि दबावाचे साधन वसुलीचे साधन बनले. भाड्यासाठीचा हा जुना हक्क इंग्लंड आणि वेल्समध्ये एप्रिल 2014 मध्येच संपुष्टात आला. मुंबई इलाख्यात 1879 च्या जमीन महसूल कायद्याने थकबाकीदाराची जंगम मालमत्ता जप्त करून विकण्याची तरतूद केली आणि ती पुढे 1966 च्या महाराष्ट्राच्या संहितेतही कायम राहिली. मराठीत या प्रक्रियेला ‘जप्ती’ हा स्वतंत्र शब्द असल्यामुळे इंग्रजीतील दोन अर्थांची गुंतागुंत आपल्याकडे जाणवली नाही.

दुष्काळी प्रशासनात हा शब्द आला तेव्हा त्याला तिसराच अर्थ चिकटला. 1876-78 च्या दुष्काळात मदत कोणाला द्यावी हे ठरवण्यासाठी सरकारने ‘डिस्ट्रेस’ खरा की खोटा हे पारखण्याची कसोटी लावली: जो माणूस खडी फोडण्यासारखे जड काम, तेही अगदी तुटपुंज्या मजुरीवर करायला तयार होतो, तोच खरा गरजू. 1877 च्या आरंभी हिंदुस्थान सरकारच्या प्रतिनिधीने पुरुष मजुराची मजुरी दिवसाला एक पौंड, म्हणजे सुमारे 450 ग्रॅम धान्य आणि वर थोडे पैसे, इतकी खाली आणली. मद्रासमधील एका आरोग्य अधिकाऱ्याने एवढ्या अन्नावर कष्टाचे काम करणारा माणूस जगू शकत नाही, असे बजावले आणि तेथे काही महिन्यांत शिधा काहीसा वाढवावा लागला. मुंबई इलाख्यात मजुरांनी दुष्काळी कामे सोडून दिली. त्यांची बाजू पुण्यातील एका जागरूक सभेने निवेदनांतून सरकारपुढे मांडली. कसोटीचा तर्क असा होता की काम सोडणारा माणूस आपण गरजू नसल्याचा पुरावा स्वतःच देतो. उपाशी माणसाचा नकारही या तर्कात त्याच्याविरुद्ध मोजला जात होता, आणि हिंदुस्थान सरकारच्या ज्या प्रतिनिधीच्या नावाने ही मजुरी ओळखली गेली, तो त्याच वर्षी मुंबईचा गव्हर्नर झाला.

1880 च्या दुष्काळ आयोगानंतर आणि 1883 च्या आदर्श मसुद्यानंतर तयार झालेल्या दुष्काळ संहितांनी मदतीला नियमांची चौकट दिली, हे त्यांचे मोठे श्रेय आहे. 1901 च्या आयोगाने तर लोकांना आधीच धीर द्यावा, असे स्पष्ट म्हटले. कामाची कसोटी मात्र टिकून राहिली. स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्राने 1963 मध्ये एक कायदा करून राज्याला लागू असलेल्या कायद्यांमधून ‘फॅमिन’ हा शब्दच काढून टाकला आणि त्या जागी ‘स्कॅर्सिटी’ आणला. टंचाईची चिन्हे दिसताच सरकार उपाय योजते, त्यामुळे दुष्काळ ओढवण्याची शक्यताच उरलेली नाही, अशी त्यामागची भूमिका होती. नऊ वर्षांनी 1972 चा दुष्काळ पडला. 1973 च्या उन्हाळ्यात सुमारे 50 लाख माणसे सरकारी कामांवर होती, आणि कागदोपत्री ती ‘टंचाई’च होती. रोजगार हमीचा कायदा याच अनुभवातून निघाला आणि 1979 पासून अमलात आला. कसोटी म्हणून वापरलेले काम त्यामुळे मागण्याचा हक्क झाले, आणि या साऱ्या इतिहासातील तो सर्वांत मोलाचा बदल होय.

नव्या शतकात ‘डिस्ट्रेस’ पुन्हा पुढे आला तो शेतकरी आत्महत्यांमुळे. 1 जुलै 2006 रोजी पंतप्रधानांनी अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम आणि वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. पुढे चार राज्यांतील एकूण 31 जिल्हे त्या योजनेत आले. इंग्रजी कागदांत हे ‘डिस्ट्रेस्ड डिस्ट्रिक्ट’ होते, मराठी वृत्तपत्रांत ‘आत्महत्याग्रस्त जिल्हे’. दोन्हीतील फरक किरकोळ नाही. इंग्रजी शब्द संकट शेतीच्या व्यवस्थेत असल्याचे सुचवतो, तर मराठी शब्द मृत्यूंच्या संख्येवरून जिल्ह्याची ओळख ठरवतो. पॅकेजची निम्म्याहून अधिक रक्कम सिंचन प्रकल्पांसाठी होती. प्रकल्प पूर्ण होईपर्यंत कापूस पिकवणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्याने काय करावे, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला होता.

खरा वाद मात्र त्या आधीच सुरू झाला होता, एक लाख रुपयांच्या मदतीच्या निकषांवरून. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या कुटुंबाला ही मदत मिळावी की नाही, हे ठरवण्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली समित्या नेमल्या गेल्या आणि त्यांच्यापुढे तीन कारणे ठेवली गेली: नापिकी, कर्जबाजारीपणा आणि परतफेडीचा तगादा. जमीन मृताच्या किंवा कुटुंबातील व्यक्तीच्या नावावर असावी आणि कर्ज राष्ट्रीयीकृत बँक, सहकारी संस्था किंवा परवानाधारक सावकार यांचेच असावे, अशी अट होती. विनापरवाना सावकाराकडून, कृषी सेवा केंद्रातून उधारीवर किंवा नातलगांकडून घेतलेले पैसे या चौकटीत बसत नव्हते, आणि सर्वांत गरीब शेतकरी तर तेथूनच पैसे उचलतो. खंडाने जमीन कसणारा कागदावर शेतकरीच ठरत नव्हता. सात-बारावर नाव नसलेल्या, पण आयुष्यभर शेतात राबलेल्या बाईबद्दलही निर्णय बहुधा कागदाकडे बोट दाखवूनच दिला जाई.

सरकारी तिजोरीतून मदत देताना काही निकष असणे अपरिहार्य आहे, आणि निकषच नसते तर मदत वशिल्याने वाटली गेली असती, हे मान्य करायला हवे. तरीही तगाद्याच्या अटीकडे बारकाईने पाहिले पाहिजे. दुःख खरे ठरण्यासाठी वसुलीचा लेखी पुरावा लागतो, म्हणजे धनकोने नोटीस पाठवलेली असावी लागते. मार्लबरोच्या काळात धनकोची सक्ती म्हणजेच ‘डिस्ट्रेस’ होता. समितीपुढे त्याच सक्तीची नोंद ‘डिस्ट्रेस’चा दाखला झाली. 1877 मध्ये काम नाकारणारा मजूर जसा गरजूंच्या हिशेबातून बाद होत होता, तसे बँकेची नोटीस नसलेले घर ‘अपात्र’ ठरू लागले. गावोगावच्या विधवांनी या शब्दाविरुद्ध मोर्चे काढले, अर्ज केले, न्यायालयाची दारे ठोठावली. काही निकष पुढे सैल झाले, पण ‘पात्र’ आणि ‘अपात्र’ ही विभागणी राहिली आणि वार्षिक आकडेवारीही त्याच दोन रकान्यांत मांडली जाते.

त्याच काळात बँकांच्या भाषेत ‘स्ट्रेस्ड ॲसेट्स’ हा शब्दप्रयोग बोकाळला. कंपनीचे मोठे कर्ज थकले की तणावाखाली असते ती मालमत्ता; तिच्यासाठी पुनर्रचना होते आणि 2016 पासून दिवाळखोरी संहितेखाली मुदतबद्ध प्रक्रियाही आहे. शेतकऱ्याच्या बाबतीत ‘डिस्ट्रेस्ड’ हे विशेषण माणसाला किंवा त्याच्या जिल्ह्याला लागते. कर्जमाफ्या 2008, 2017 आणि 2019 मध्ये झाल्या, पण प्रत्येक वेळी तारखा, मर्यादा आणि खात्यांच्या अटी नव्याने ठरल्या.

मानसशास्त्रानेही या शब्दाला आपला अर्थ दिला आहे. 1970 च्या दशकात हितकर आणि अपायकारक ताण वेगळे करताना अपायकारक ताणाला ‘डिस्ट्रेस’ म्हटले गेले, आणि आता ‘सायकॉलॉजिकल डिस्ट्रेस’ मोजण्याच्या प्रश्नावल्या गावपातळीवरील आरोग्यसेवेपर्यंत पोहोचल्या आहेत. महाराष्ट्रात 2015 नंतर शेतकऱ्यांसाठी समुपदेशनाचे उपक्रम सुरू झाले. ते आवश्यक आहेत, आणि खेड्यात मनाच्या आजाराबद्दल उघड बोलले जाऊ लागले हा त्यांचा लाभ आहे. मदतीच्या प्रस्तावासोबत मात्र सात-बाराचा उतारा आणि कर्जाच्या थकबाकीचा दाखला मागितला जातो, आणि त्या दाखल्यावर सही करायची असते ती कर्ज देणाऱ्या संस्थेनेच.