नाळेतलं पाणी: वेकसर्फ बोटीच्या पुढच्या बॅलास्ट बॅगचं गणित

उसाने खच्चून भरलेली ट्रॉली चढावर ओढताना ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलली जातात, हे कोल्हापूर जिल्ह्यात कुणाला सांगावं लागत नाही. चाकं उचलली की स्टिअरिंग हातात असून नसल्यासारखं. म्हणून ट्रॅक्टरच्या तोंडाशी बिडाची वजनं अडकवतात. वेकसर्फिंगच्या बोटीत पुढच्या टोकाला पाण्याची पिशवी, म्हणजे बॅलास्ट (मुद्दाम घेतलेल्या वजनाची) बॅग ठेवतात, तीही याच कामासाठी. ट्रॅक्टरचं मात्र चाकं जमिनीला टेकली की भागतं. बोटीच्या नाळेत, म्हणजे पुढच्या निमुळत्या भागात, टाकलेलं वजन थेट मागच्या लाटेचा आकार बदलतं. त्यामुळे तिथे ‘थोडं जास्त झालं तर काय बिघडतं’ हे चालत नाही.

वेकसर्फिंगमध्ये बोट ताशी १६ ते १९ किलोमीटर वेगाने जाते. फळीवरचा माणूस दोरीने उभा राहतो, मग दोरी सोडतो आणि बोटीच्या मागे उठणाऱ्या लाटेच्या उतारावर घसरत राहतो. समुद्रावर हे काम वारा आणि किनारा करतात. इथे ते बोटीच्या बुडाने करायचं असतं. बोट जितकं पाणी बाजूला सारते, तितकी लाट मोठी. म्हणून मुद्दाम वजन वाढवायचं, आणि वजनासाठी तळ्यातलंच पाणी बोटीत घ्यायचं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हिशेब सोपा आणि परत जाताना सोडून देता येतं.

‘पाण्यात पाण्याचं वजन कसं लागेल?’ ही शंका बहुतेकांना येते. पिशवी थेट तळ्यात बुडवली तर ती खरंच काही दाबणार नाही. पण ती बोटीच्या आत असते आणि बोटीच्या भिंतींनी तळ्याचं पाणी बाहेर अडवलेलं असतं. त्यामुळे ३०० लिटरची पिशवी ३०० किलोंनीच दाबते, आणि आर्किमिडीजच्या नियमाप्रमाणे बोट तेवढं पाणी जास्तीचं बाजूला सारते.

आता लाट. खोल पाण्यातल्या लाटेची लांबी तिच्या वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. ताशी १८ किलोमीटर म्हणजे सेकंदाला ५ मीटर. या वेगाने बोटीबरोबर धावणाऱ्या लाटेची लांबी सुमारे १६ मीटर भरते. बोट साडेसहा-सात मीटरची. म्हणजे नाळेपाशी लाटेचा माथा आणि शेपटीपाशी जवळजवळ खळगा. बोट सतत स्वतःच्याच लाटेचा चढ चढत असते. त्यात मागच्या दोन कोपऱ्यांत प्रत्येकी साडेचारशे किलोंच्या पिशव्या भरल्या की शेपूट आणखी खाली, नाक आणखी वर. लाट उंच उठते, पण आखूड आणि उभट. माथ्यावर फेस येतो, फळीला धक्का मिळणारा पट्टा जेमतेम फळीएवढाच उरतो. इंजिन ओढ खातं, ठरलेला वेग गाठायला वेळ लागतो, आणि चालकाला समोरचं पाणी दिसत नाही. हे शेवटचं सगळ्यांत धोक्याचं.

पुढची पिशवी इथे कामाला येते, आणि ती किती कामाला येते हे कागदावर काढून पाहिलं की वजनापेक्षा जागेचं महत्त्व पटतं. साडेसहा मीटर लांब आणि २.४ मीटर रुंद बोट घ्या. अशा बोटीचा पुढे-मागे कल १ सेंटिमीटरने बदलायला ढोबळमानाने ५० किलो-मीटर लागतात, म्हणजे बोटीच्या मध्यापासून १ मीटरवर ठेवलेले ५० किलो. मागच्या पिशव्या मिळून ९०० किलो, मध्यापासून २ मीटर मागे: १८०० किलो-मीटर, म्हणजे नाक आणि शेपटीत ३६ सेंटिमीटरचा फरक. पुढची पिशवी ३०० किलोंची, पण अडीच मीटर पुढे: ७५० किलो-मीटर, म्हणजे १५ सेंटिमीटर परत. वजन मागच्याच्या एक तृतीयांश, तरी कल चाळीस टक्के सुधारला, कारण तरफ लांब. शिवाय या ३०० किलोंनी सबंध बोट अडीच सेंटिमीटर खाली बसते, ते वेगळं. सगळं मिळून नाक सुमारे १० सेंटिमीटर उतरतं आणि शेपूट फक्त ५ सेंटिमीटर उचललं जातं.

हीच पिशवी जागा नाही म्हणून मधल्या वाटेत, मध्यापासून १ मीटरवर ठेवली तर? कल सुधारतो फक्त ६ सेंटिमीटर. पाणी तेवढंच, पंप तेवढाच चालला, बॅटरी तेवढीच खर्ची पडली, आणि फायदा निम्म्याहूनही कमी. हे आकडे बोट थांबलेली असतानाचे आहेत. चालत्या बोटीत बुडाखालच्या पाण्याचा दाबही भर घालतो, पण दिशा तीच राहते.

सुरुवातीला मागच्या एकूण वजनाच्या एक तृतीयांश पुढे घ्यावं, आणि निम्म्याच्या वर सहसा जाऊ नये. बॅग विकत घेण्याआधी एक फुकटची चाचणी करता येते. मागच्या पिशव्या भरा, बोट ठरलेल्या वेगावर आणा, आणि मागे बसलेल्यांपैकी दोघांना पुढे जाऊन बसायला सांगा. सरासरी ७० किलोंचा माणूस म्हटलं तर १४० किलो क्षणात पुढे गेले. लाट लांबली, फेस कमी झाला, तर पुढे वजन हवंच आहे. हीच गोष्ट उलटीही लागू पडते: बॅग नीट बसवलेल्या बोटीत चार पाहुणे मागे जाऊन गप्पा मारायला लागले की सगळा हिशेब कोलमडतो. लाट अचानक बिघडली तर पंप तपासण्याआधी माणसं मोजावीत.

जुळवताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची. फेस येतोय, लाट उभट आहे: पुढे ५०-६० किलो वाढवा किंवा वेग अर्ध्या किलोमीटरने वाढवा, दोन्ही एकदम नको. लाट लांबलचक दिसते पण फळी मागे पडते, धक्काच मिळत नाही: पुढचं जास्त झालं. वळणावर बोटीचं नाक पाण्यात रुतून ओढल्यासारखं वळायला लागलं, तरी पुढचं जास्त झालं, आणि हे लाटेच्या आधी सुधारायचं.

मग ५०-६० किलो वाढवायचे म्हणजे मोठी बॅग थोडी थोडी भरायची का? नाही. बॅग एक तर गच्च भरलेली हवी, नाही तर पूर्ण रिकामी. अर्धवट भरलेल्या बॅगेत पाण्याला हलायला जागा मिळते. बोट डावीकडे कलली की पाणी डावीकडे धावतं आणि कल वाढवतं. नाक उचललं की पाणी मागे सरकतं, म्हणजे नेमकं नको तेव्हा तरफ आखूड होते. गच्च भरलेल्या बॅगेत मोकळा पृष्ठभागच उरत नाही, पाणी ठोकळ्यासारखं वागतं. त्यामुळे ३०० लिटरची एक बॅग घेण्यापेक्षा २००, ५० आणि ५० अशा तीन घ्याव्यात. किंमत थोडी वाढते, पण जुळवणी खरी होते.

बॅग ठेवायची जागा आधी हाताने चाचपून घ्या. पुढच्या सीटखालच्या कप्प्यात स्क्रूची टोकं, फोम ठोकलेल्या पिना, फायबरच्या कापलेल्या कडा असतात. रिकामी बॅग त्यांच्यावर निवांत पडून राहते. ३०० किलो भरून बोट तासभर आपटत चालली की त्याच जागी भोक पडतं. टोकं घासून काढा, खाली जाड रबर मॅट टाका. कप्प्याबाहेर, बोटीत खाली मोकळी ठेवायची बॅग पट्ट्यांनी बांधलीच पाहिजे, कारण वेग घेताना ती मागे सरकते. ताडपत्रीवाल्याकडून स्वस्तात शिवून घेतलेली पिशवी कोपऱ्याच्या टाक्यातून फाटते. जोड उष्णतेने वितळवून केलेला, म्हणजे वेल्ड केलेला असावा.

नळजोडणीत सर्वाधिक चुका होतात, आणि पुढच्या बॅगेत तर हमखास, कारण पाणी घ्यायची जागा मागे आणि बॅग चार-पाच मीटर पुढे असते. पंप दोन प्रकारचे मिळतात. पंख्याचा, म्हणजे सेंट्रिफ्युगल पंप स्वस्त आणि वेगवान असतो, पण त्याला स्वतः पाणी ओढता येत नाही. तो पाण्याच्या पातळीखालीच बसवावा लागतो. त्याच्या तोंडाशी हवेचा बुडबुडा अडकला की मोटर गुरगुरते आणि पाणी येत नाही. रबरी पात्यांचा इम्पेलर पंप हवा असली तरी पाणी ओढतो, आणि उलटा फिरवला की त्याच पाइपने बॅग रिकामी करतो. म्हणून पुढच्या बॅगेसाठी तोच सोयीचा. मात्र तो कोरडा चालू ठेवला तर पाती तापून फाटतात. बॅग रिकामी झाल्यावर आवाज बदलतो. तो ऐकून लगेच बंद करायचा, चालू ठेवून पोहायला जायचं नाही.

मिनिटाला ५० लिटरच्या पंपाने ३०० लिटर भरायला कागदावर ६ मिनिटं लागतात. लांब पाइप आणि वळणांमुळे प्रत्यक्षात त्याहून बरीच जास्त. एकदा घड्याळ लावून मोजा आणि तो आकडा स्विचपाशी लिहून ठेवा. बॅग टम्म झाली तरी पंप चालू राहिला तर ती सीटची फळी उचलते आणि बिजागऱ्या उखडते.

तारेकडे दुर्लक्ष नको. १२ व्होल्टचा पंप १० अँपिअर घेत असेल आणि जाऊन-येऊन १२ मीटर तार असेल, तर २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेत जवळजवळ १ व्होल्ट वाटेतच जातो आणि पंप मंदावतो. ४ चौरस मिलिमीटर घ्या. फ्यूज बॅटरीजवळ बसवा, पंपावर लिहिलेल्या अँपिअरचाच. पंप पेट्रोल इंजिनच्या कप्प्यात असेल तर ठिणगी बाहेर न पडणारा, त्या जागेसाठी प्रमाणित पंपच लावायचा. पेट्रोलची वाफ कप्प्याच्या तळाशी साचते, तिथे साध्या मोटरचा एक स्पार्क पुरतो.

बॅगेच्या वरच्या बाजूला हवा जायची नळी, म्हणजे व्हेंट, हवीच. पाणी आत येताना हवा बाहेर गेली नाही तर बॅग फुगते पण भरत नाही. ही नळी बॅगेपासून वर चढत गेली पाहिजे. मध्ये झोल राहिला की त्यात पाणी साचतं आणि बूच बसतं. बाहेर पडण्याआधी नळीला शक्य तितका उंच वळसा द्या आणि एकदिशा वॉल्व्ह लावा. नाही तर बोट कलल्यावर नळीचं तोंड पाण्याखाली जातं, आणि बॅग सायफनने आपोआप भरते किंवा रिकामी होते.

पाणी काढायचं तोंड बॅगेच्या मागच्या खालच्या कडेला ठेवावं. बोटीचं नाक थोडं वर असल्याने उरलेलं पाणी तिकडेच गोळा होतं. तोंड पुढे असेल तर शेवटचे ३०-४० लिटर आत राहतात. रिकामी होताना बॅगेचं कापड ओढलं जाऊन तोंड बंद होतं, त्यासाठी आत जाळीदार नळीचा तुकडा घालतात.

आपल्याकडच्या तळ्यांत जलपर्णी आणि गाळ आहे. जलपर्णीची मुळं केसांसारखी असतात, ती इम्पेलरला गुंडाळतात. पंपाआधी उघडून धुता येईल अशी गाळणी लावा आणि प्रत्येक वेळी ती धुवा. बॅगा त्याच तळ्यात पूर्ण रिकाम्या करून वाळवा. एका तळ्यातली जलपर्णी किंवा गोगलगाईची अंडी दुसऱ्या तळ्यात नेण्याचं काम याच पाण्याने होतं.

सगळ्यात गंभीर बिघाड थांबताना होतो. चालकाने एकदम वेग सोडला की बोट बसते आणि तिचीच लाट मागून येऊन बोटीला उचलते. शेपूट वर, नाक खाली. पुढे ३०० किलो पाणी आणि तीन-चार माणसं असतील तर पाणी पुढच्या कठड्यावरून आत येतं. उघड्या नाळेत आलेलं शंभर लिटर पाणी म्हणजे आणखी शंभर किलो, तेही नाकातच, आणि पुढची लाट त्याहून सहज आत शिरते. म्हणून वेग हळूहळू सोडायचा, थांबण्याआधी पुढची माणसं मागे घ्यायची, आणि बोटीवरच्या क्षमतेच्या पाटीत लिहिलेल्या वजनातून बॅगांचं पाणी वजा करून मगच माणसं मोजायची. बॅगा भरल्या की माणसं कमी, यात तडजोड नाही.

ही लाट तळ्यालाही लागते. मिनेसोटा विद्यापीठाच्या सेंट अँथनी फॉल्स प्रयोगशाळेने २०२२ मध्ये मोजून दाखवलं की साधी बोट किनाऱ्यापासून २०० फुटांवरून गेल्यावर काठावर जेवढी लाट पोचते, तेवढ्यावर यायला वेकसर्फ बोटीच्या लाटेला ५०० फुटांहून जास्त अंतर लागतं. दोन्ही काठांना तेवढी जागा सोडायची तर हजार फुटांहून रुंद आणि खोल पाणी हवं. पंचगंगेचं पात्र एरवी तेवढं नसतं. रंकाळ्यात संध्यामठ आणि जुने दगडी बांधकाम पाण्यातच उभं आहे, आणि राधानगरीचा जलाशय अभयारण्यात आहे. यांपैकी कुठेही अशी बोट उतरवणं आम्हाला मान्य नाही.

पण नाळेतल्या वजनाचं गणित कोल्हापूरला दुसरीकडे उपयोगी पडतं. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात चिखली, आंबेवाडीच्या बाजूला रबरी बोटी फिरल्या. चार-साडेचार मीटरच्या अशा बोटीत मोटर, पेट्रोलची टाकी आणि चालक हे सगळं वजन मागेच असतं. माणसं आणायला रिकामी निघालेली बोट नाक वर करून धावते. चालकाला पाण्याबाहेर जेमतेम आलेली तार किंवा कुंपणाचा खांब दिसत नाही, आणि समोरून जोराचा वारा आला तर हलकं नाक उचलून बोट मागे उलटू शकते. पाण्याची बॅग तिथे लागत नाही. मदतनीस आणि दोऱ्यांची पिशवी पुढच्या तिसऱ्या हिश्शात बसवली की पुरतं. परतताना माणसं चढवायची ती मधून सुरुवात करून पुढे-मागे सारखी, अगदी टोकाच्या निमुळत्या भागात कुणालाच नाही, आणि कुणी उभं राहायचं नाही.